नायट्याची गोळी आणि ऊन

मैत्रिणींनो, गजकर्ण म्हणजे आपला नायटा, हा काही आजचा नाही. आपल्या आज्या टाकळ्याचा पाला वाटून लावायच्या. पुढे दवाखान्यातून व्हिटफील्डचं मलम मिळू लागलं. त्यानं कातडी सोलायची आणि आगही व्हायची. १९६१ मध्ये शेजारच्या पुणे जिल्ह्यात, पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात, तिथल्याच मातीतल्या जंतूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं गेलं. त्या जंतूच्या शास्त्रीय नावातसुद्धा पिंपरी आहे!

नायट्यासाठी गाजली ती मात्र ग्रिसिओफल्विनची गोळी. हे औषध १९३९ मध्येच एका बुरशीतून वेगळं काढलं होतं. पोटातून दिलं तर नायटा जातो, हे १९५८ मध्ये ग्लासगोला गिनीपिगांवर दिसलं. त्याआधी कित्येक देशांत मुलांच्या डोक्यावरच्या नायट्याला केस झडावेत म्हणून एक्स-रे देत. त्या मानानं गोळी म्हणजे सुटकाच.

पण ही गोळी चार दिवसांची नव्हे. अंगावरच्या नायट्याला काही आठवडे, पायाच्या नखांना वर्षभरसुद्धा. आणि तिच्यामुळे काहींची कातडी उन्हाला नाजूक होते. कांद्याच्या रानात खुरपणाऱ्या, पाथर्डी-शेवगावहून ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायकांना सावली कुठून मिळणार? चेहरा, मान, हात लाल होतात, खाजतात. मग आपण म्हणतो, औषध उष्ण पडलं, नाहीतर नायटा पसरला. नायटा बहुधा गोल वाढतो, त्याला कडा असते. उन्हाचा चट्टा बाहीच्या, गळ्याच्या रेषेवर थांबतो. एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. गरोदरपणात तर ही गोळी घ्यायचीच नाही.

नंतर आलेल्या फ्लुकोनॅझोलनं एखादीला दर वेळी त्याच जागी काळपट डाग उठतो. २००२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं व्होरिकोनॅझोल फुप्फुसातल्या बुरशीवर महिनोन्‌महिने देतात. त्यावर ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते, आणि ते वर्षानुवर्षं चाललं तर कातडीच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबची गोष्ट वेगळी. कातडी पातळ होणं, मांडीवर पट्टे उमटणं, हा दोष बहुधा तिच्यात मिसळलेल्या स्टेरॉइडचा. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. ट्यूब अजूनही सहज मिळते, ते सोडा.

गोळी चालू असताना चट्टे उठले, तर गोळ्यांचं पाकीट घेऊनच प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. ताप येऊन तोंडात फोड आले, डोळे लाल झाले किंवा कातडी सुटू लागली, तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा.