पिन जमली, दाब जमला का?

इंद्रायणीकाठचे तळवडे एके काळी शेतकऱ्यांचे गाव. आज तिथे एमआयडीसीचे सॉफ्टवेअर पार्क उभे आहे. शेजारी देहूला येणारे वारकरीदेखील आता मुक्कामाला पोचले की विचारतात, ‘चार्जर आहे का हो?’ चार्जर मिळतो. पण तो जमतो का? या साध्या प्रश्नामागे बराच इतिहास आहे.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे खेड्यांत शेतकरी श्रोतृमंडळे चालवली. त्या काळी बहुतेक खेड्यांत वीज पोचली नव्हती. वीज नसेल तिथे रेडिओ कोरड्या बॅटरीवर चाले. व्हॉल्व्हच्या अशा संचाला सर्वसाधारणपणे दोन दाब लागत. एक ९० व्होल्टचा, दुसरा अवघा दीड व्होल्टचा. दीडच्या जागी नव्वद लागले, तर व्हॉल्व्हची तार जळून खाक! म्हणून प्लगच्या पिनाच अशा वेगवेगळ्या केलेल्या असत, की चुकीच्या जागी प्लग बसूच नये. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही पिनेचा आकारच सांगे, ‘इथे नको.’

भिंतीवरच्या गोल तीन पिनांच्या प्लगांतही हेच शहाणपण आहे. मोठ्या प्रवाहाचा प्लग लहान खाचेत जात नाही. आणि जमिनीची पिन लांब असते. ती सर्वांआधी टेकते आणि सर्वांनंतर सुटते.

पुढे घरोघर लहान यंत्रे आली, त्यांच्याबरोबर अ‍ॅडॉप्टर आले, आणि ही शिस्त मोडली. ९ व्होल्टच्या आणि १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरला हुबेहूब सारखी गोल पिन! पिन बसते, पण यंत्र बिघडू शकते. म्हणून जुन्या अ‍ॅडॉप्टरवरची बारीक अक्षरे वाचलीच पाहिजेत. व्होल्टचा आकडा यंत्रावरच्या आकड्याशी जुळावा. अँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात, कमी नकोत. विहिरीत पाणी पुष्कळ असले, तरी मोट आपल्यापुरतेच उचलते ना? तिसरी गोष्ट म्हणजे पिनेचा मधला भाग धन की ऋण, ते दाखवणारे चित्र दोन्हीकडे सारखे हवे.

आता पुन्हा शिस्त येत आहे. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने टाइप सी जोडणीचे मानक जाहीर केले. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना हीच जोडणी सक्तीची झाली. यात चार्जर आधी फक्त ५ व्होल्ट देतो. जास्त दाब हवा असेल, तर यंत्र तो मागते आणि दोघांचे जमले तरच दाब वाढतो. पूर्वी पिनेचा आकार जे काम करी, ते आता ही बोलणी करते.

पण शाळेच्या कपाटात जुने अ‍ॅडॉप्टर अजून पडलेले असतील. गुरुजनहो, एखाद्या तासाला ते मुलांपुढे मांडा आणि त्यांवरचे आकडे मुलांकडून वाचून घ्या. एक यंत्र जळण्याचे वाचले, तरी तो तास कारणी लागला म्हणायचा.