परका हात आपला होताना

तुटलेल्या हाताच्या जागी दुसऱ्याचा हात जोडता येतो. शरीराने त्याला आपला म्हणणे अवघड. १९६४ साली इक्वेडोरमध्ये जोडलेला हात काही आठवड्यांतच काढावा लागला. हातात हाड, स्नायू, कातडी सारेच असते, आणि परक्या कातडीला शरीर फार जोराने विरोध करते.

त्याआधीच, १९५३ साली, पीटर मेडावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या गर्भांत दुसऱ्या कुळातील उंदरांच्या पेशी टोचल्या होत्या. मोठेपणी त्या उंदरांनी त्याच कुळाची कातडी स्वीकारली. परक्याला आपले मानणे शरीराला शिकवता येते, हे दिसले. १९६० साली मेडावरांना नोबेल मिळाले. पण माणूस हात गमावतो तो जन्मानंतर; तेव्हा ही शिकवण सोपी राहत नाही.

म्हणून १९९८ साली फ्रान्समधील लियाँ येथे जोडलेला हात प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर टिकला. पुढे रुग्णाने औषधे सोडली. २००१ साली हात काढावा लागला. २०१५ साली कोचीतही हात जोडले गेले. औषधे मात्र जन्मभर चालतात, आणि संसर्गाचे भय सोबत असते. दात्याची अस्थिमज्जा देऊन ती कमी करण्याचे प्रयत्न झाले आहेत.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. तरीही सांगतो, प्रत्यारोपण झालेल्या कुणीही ही औषधे आपल्या मनाने सोडू नयेत. माझ्या गोळ्यांच्या भरवशावर तर नाहीच.