बैलगाडा, घाट आणि कोर्ट

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला बैलगाडा समजावून सांगावा लागत नाही. पण बाहेरगावचे ब्लॉगमित्र आणि परदेशातली आमची नातवंडं यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडची शर्यत घड्याळाशी असते. चढाच्या धावपट्टीला 'घाट' म्हणायचं. गाड्याला चार बैल, पुढे घोडी, आणि 'बारी' किती सेकंदांत झाली ते मोजायचं. पौष पौर्णिमेला थापलिंगच्या खंडोबाला गेलेला माणूस देवदर्शन करून घाट न बघता परतला, असं सहसा होत नाही.

बारीचा निकाल सेकंदांत लागतो. कायद्याची बारी मात्र बारा वर्षं चालली!

सुरुवात ११ जुलै २०११ ची. ज्या प्राण्यांचे खेळ करायला बंदी आहे, त्या यादीत केंद्र सरकारने बैल घातला. यादीत आधीपासून वाघ, सिंह, अस्वल, माकड आणि बिबट्या होते. आमच्या जुन्नरात बिबट्या आणि बैल एका ओळीत बसलेले बघून हसावं की रडावं कळेना. मग ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा जल्लिकट्टू आणि आपल्या शर्यती, दोन्ही एकाच निकालाने बंद केल्या. बैल हा घोड्यासारखा शर्यतीचा प्राणी नाही, शेपटी पिरगाळून आणि भीती घालून त्याला पळवतात, असं न्यायालयाचं म्हणणं. जर्मनीने २००२ साली राज्यघटनेतच प्राण्यांच्या रक्षणाचा उल्लेख केला, त्याचाही दाखला निकालात आहे.

गावोगाव या निकालाला शिव्या पडल्या. मी मात्र म्हणेन, पिरगाळलेल्या शेपटीबद्दल न्यायालय खोटं बोललं नव्हतं.

त्यात २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हणजे नांगराला ट्रॅक्टर, घाटाला बंदी आणि बाजारात गिऱ्हाईक नाही. खिलार खोंड सांभाळायचा तरी कशासाठी? शेतकऱ्याचा हा प्रश्न अगदी रास्त होता.

२०१७ साली चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुण उतरले, तमिळनाडूने कायदा बदलला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही बदलला. पण मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या शर्यती पुन्हा अडवल्या. अखेर १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा कायम ठेवला. एखादी गोष्ट आपली संस्कृती आहे की नाही, हे ठरवणं विधिमंडळाचं काम, न्यायालयाचं नाही, असं पीठाने म्हटलं.

स्पेनमध्ये नेमकं उलटं घडलं. तिथल्या कॅटलोनिया प्रांताच्या विधिमंडळाने २०१० साली बैलझुंजी बंद केल्या, तर २०१६ साली देशाच्या घटना न्यायालयाने ती बंदीच रद्द केली. बैलझुंज हा साऱ्या देशाचा वारसा, एकट्या प्रांताला ती बंद करता येणार नाही, म्हणून. गंमत म्हणजे परवानगी मिळूनही बार्सिलोनाच्या मोठ्या रिंगणात झुंजी परतल्या नाहीत. लोकांचं मनच उडालं होतं. इंग्लंडमध्ये कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार २००४ च्या कायद्याने बंद झाली, आणि २००७ साली तिथल्या सर्वोच्च पीठाने बंदी उचलायला नकार दिला. आमचं मन काही उडालं नव्हतं. उलट २०२२ च्या १ जानेवारीला लांडेवाडीच्या घाटाची परवानगी करोनामुळे ऐनवेळी रद्द झाली, तेव्हा किती हळहळ झाली!

आता गुलाल उधळताना एक गोष्ट विसरली जाते. २०२३ च्या निकालाने बैलाला झालेला त्रास खोटा ठरवलेला नाही. नव्या कायद्याने आणि नियमांनी तो पुरेसा कमी होतो, एवढंच मानलं आहे. धाव १००० मीटरपेक्षा जास्त नको, आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि बैलाचे हाल केले तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. नियम पाळले जातात की नाही हे बघायची जबाबदारी निकालाने जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांवर टाकली आहे. पण घाटाच्या कडेला उभं राहून शेपटीवरचा हात बघणारे आपणच असतो.