रक्तांतील एक पाठभेद : गोंदिया भागांतील सिकलसेलचा पूर्वेतिहास

जुन्या पोथ्या ताडून पाहणारास एक गोष्ट अनुभवानें कळलेली असते. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ सारखाच आढळला तर त्यावरून फारसें कांहीं सिद्ध होत नाहीं. शुद्ध पाठ कोठूनही येऊं शकतो. परंतु एकच चूक, त्याच ओळींत, त्याच अक्षरावर, आणि आसपासच्या बारीकसारीक लकबींसह दोहोंत आढळली, तर दोन्ही पोथ्या कोणा एका जुन्या प्रतीवरून उतरल्या असें म्हणण्यास आधार मिळतो. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं महाभारताच्या आदिपर्वाच्या १९३३ सालच्या प्रस्तावनेंत पोथ्यांच्या शाखा लावण्याची पद्धति व तिच्या मर्यादा या दोहोंचाही ऊहापोह केला आहे. यांपैकीं मर्यादांकडे वाचकांनीं विशेष लक्ष ठेवावें, कारण पुढें त्यांचेंच काम पडणार आहे.

प्रस्तुत लेखांत हा नियम एका निराळ्या दप्तरास लावून पाहावयाचा आहे. हें दप्तर कागदाचें नाहीं. गोंदिया जिल्ह्यांतील व एकंदर पूर्व विदर्भांतील पुष्कळ कुटुंबांच्या रक्तांत एका अक्षराची चूक पिढ्यानपिढ्या नकलली जात आली आहे. तिच्यापासून होणाऱ्या रोगास सिकलसेल म्हणतात. ही चूक कोठून आली, आणि तिच्यावरून येथील लोकांच्या पूर्वेतिहासाविषयीं काय म्हणतां येतें, हा प्रश्न वैद्यांचा तसाच इतिहासाभ्यासकांचाही आहे. वैद्यकीय लेखांतून यासंबंधीं जीं विधानें आढळतात त्यांतील कांहीं आमच्या मतें पुराव्याच्या पलीकडे जातात, म्हणून हा प्रपंच.

प्रथम चुकीचें स्वरूप सांगितलें पाहिजे. रक्तास तांबडेपणा देणारें व प्राणवायु वाहून नेणारें द्रव्य तें हिमोग्लोबिन. त्यांतील बीटा नांवाची साखळी १४६ दुव्यांची असते. कोणता दुवा कोठें यावा याचा लेख पेशींतील जनुकांत असून त्याची लिपि ए, टी, जी, सी अशा चार अक्षरांची आहे. सहाव्या दुव्यासाठीं जेथें 'जीएजी' असावयाचें तेथें 'जीटीजी' असें पडलें, एवढीच ती चूक. परंतु तिच्यामुळें ग्लुटामिक अम्लाच्या जागीं व्हॅलीन येतें, प्राणवायु सोडून दिलेलें हिमोग्लोबिन परस्परांस चिकटून त्याच्या लांब कांड्या बनतात, आणि वाटोळी लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वांकडी व ताठर होते. निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. ही दहावीस दिवसांतच फुटते. प्राणवायूची उणीव मूत्रपिंडास जाणवते, तें अस्थिमज्जेस अधिक पेशी करण्याचा निरोप धाडतें, मज्जा अहोरात्र राबते. पण नवी पेशीही त्याच चुकलेल्या प्रतीवरून उतरलेली असते.

प्रत्येकाजवळ या लेखाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची व एक बापाकडची. एकाच प्रतींत चूक असलेला मनुष्य वाहक होय. त्यास बहुधा कांहीं त्रास नसतो. दोन्ही प्रतींत चूक असेल तो रोगी. आईबाप दोघेही वाहक असले तर दर अपत्यामागें रोगाचा संभव चारांत एक.

पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ ज्या वर्षीं स्थापन झालें त्याच वर्षीं, म्हणजे १९१० सालीं, शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनीं ग्रेनाडा बेटाहून आलेल्या वॉल्टर नोएल या दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या रक्तांत अशा पेशी पाहिल्याचें प्रसिद्ध केलें. १९४९ सालीं पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं दोष हिमोग्लोबिनमध्येंच असल्याचें दाखविलें, आणि १९५६-५७ सालीं इन्ग्रम यांनीं तो एका दुव्यावर आणून ठेविला. हिंदुस्थानांत १९५२ सालीं लेमन व कटबुश यांना नीलगिरींतील वन्य जमातींत ही चूक आढळली. मध्य हिंदुस्थानासंबंधींचा शुक्ल व सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट' या विलायती पत्रांत १९५८ सालीं आला.

म्हणजे शास्त्रास ओळख पटली ती उणीपुरी सत्तर वर्षांपूर्वीं. त्यापूर्वीं हा रोग नव्हता काय? होताच, परंतु सरकारी कागदांत त्याला स्वतःचा रकाना नव्हता. मध्यप्रांतांत गांवच्या जन्ममृत्यूची खबर कोतवाल ठाण्यावर पोंचवीत असे. महामारी, देवी, प्लेग, हगवण अशीं कांहीं ठराविक कारणें सोडलीं तर बाकीच्या बहुतेक मरणांवर 'ताप' हा एकच शेरा पडे. अंग पिवळें पडून, सांधे धरून, ताप भरून मेलेलें पोर त्याच रकान्यांत गेलें. म्हणून ज्यांना जुने मृत्यूचे आंकडे वापरावयाचे आहेत त्यांनीं 'ताप' या शब्दाचा अर्थ हिंवताप असा सरसकट करूं नये. दुसरी एक सावधगिरी स्थलनामाची. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यांतून १ मे १९९९ रोजीं वेगळा झाला. तेव्हां त्यापूर्वींच्या लेखांत 'भंडारा' असें आढळलें म्हणजे त्यांत आमगांव, सालेकसा, देवरी, तिरोडा हे भागही आले असें समजावें. भंडारा स्वतः १९५६ पर्यंत नागपूरसह मध्यप्रदेशांत होता, हेंही कागद शोधणारानें विसरूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आफ्रिकेंत हा रोग फार, आणि हिंदुस्थानांतही तो सांपडलेला. तेव्हां चूक एकदां घडून एका खंडांतून दुसऱ्यांत गेली कीं दोन ठिकाणीं निरनिराळी घडली? लेमन यांचा कल ती आशियांतून अरबस्तानमार्गें पूर्व आफ्रिकेंत गेली असें मानण्याकडे होता. उलट आफ्रिकेंतून ती इकडे आली असेंही मानणारे होते. चुकीचें अक्षर दोहोंकडे एकच असल्यामुळें केवळ त्यावरून निर्णय लागणें शक्य नव्हतें.

निर्णयाची किल्ली त्या अक्षराच्या शेजारीं निघाली. १९७८ सालीं कान व डोझी यांनीं दाखविलें कीं या जनुकाच्या मागेंपुढें निरुपद्रवी असे पाठभेद असतात आणि ते मुख्य चुकीबरोबर गटानें पुढें जातात. नकलनवीसाची मुख्य चूक तीच, पण तिच्या आसपासचे ऱ्हस्वदीर्घ पोथीच्या घराण्याप्रमाणें निराळे, तसाच हा प्रकार. आफ्रिकेंतील चुकीचीं सेनेगल, बेनिन, बांटू व कॅमेरून अशीं घराणीं ठरलीं. १९८६ सालीं कुलोझिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेव्हांचा ओरिसा व सौदी अरबस्तानचा पूर्व भाग येथील नमुने ताडून पाहिले, तों दोहोंकडे एकच घराणें, आणि तें आफ्रिकेंतील कोणत्याही घराण्याहून भिन्न. त्यास अरबी-भारतीय असें नांव पडलें व ही चूक आशियांत स्वतंत्रपणें घडली असा निष्कर्ष निघाला. पुढें २०१८ सालीं श्राइनर व रोटिमी यांनीं सुमारें ७,३०० वर्षांपूर्वींच्या एकाच उगमाचा पक्ष मांडला. परंतु त्यांचे नमुने मुख्यतः आफ्रिकी वंशाचे असल्यानें आमच्या इकडच्या शाखेपुरता तो निकाल आम्ही अखेरचा मानीत नाहीं. स्वतंत्र उगमाचा पक्ष आम्हांस आजही अधिक बळकट दिसतो.

येथपर्यंत ठीक. परंतु १९८९ सालीं लाबी व त्यांचे सहकारी यांनीं हिंदुस्थानांतील दूरदूरच्या आदिवासींत हेंच घराणें पाहून आणखी एक पाऊल पुढें टाकलें. चुकीचा उगम एक, तेव्हां या सर्व जमातींचाही उगम एकच, असा त्यांचा तर्क. येथें पोथ्या हाताळणारानें हात वर केला पाहिजे. दोन पोथ्यांतील एका पानावरील चूक समान असल्यास तें पान एका ठिकाणाहून आलें एवढेंच ठरतें. सबंध पोथी ठरत नाहीं. लेखक दोन प्रती पुढें ठेवून एकीचें पान दुसरींत घालतो. जन्माच्या वेळीं तर हें दर पिढीस घडतें, कारण मूल हेंच दोन प्रतींवरून उतरलेली नवी प्रत. एक स्त्री एका जमातींतून दुसरींत गेली आणि तिच्याजवळची चूक तेथील हवापाण्यास मानवली, तर शंभर पिढ्यांनीं ती चूक त्या जमातींत घरोघर असेल, आणि त्या स्त्रीचें बाकीचें वारसापण जवळजवळ पुसून गेलें असेल. एका अक्षरावरून जमातीची वंशावळ लिहूं नये.

हें म्हणण्यास आणखी एक कारण आहे. हा केवळ आदिवासींचा रोग अशी समजूत अद्याप पसरलेली आहे. वस्तुतः पूर्व विदर्भांत तो गोंड व परधान यांच्यांत आहे तसा महार समाजांत मोठ्या प्रमाणावर आहे, आणि तेली, कुणबी वगैरे समाजांतही आढळतो. वंशावळी पाहाव्या तर प्रत्येक जात आपल्या मर्यादेंत राहिलेली. रक्त पाहावें तर पान इकडचें तिकडे गेलेलें. मूरजानी प्रभृतींच्या २०१३ सालच्या अभ्यासाप्रमाणें या देशांतील लोकसमूहांची परस्परांत मोठी सरमिसळ सुमारें ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वींच्या काळांत झाली, आणि त्यानंतर विवाहाचे निर्बंध घट्ट झाले. चूक जातीच्या भिंती उभ्या राहण्यापूर्वींच पसरली कीं भिंतींच्या फटींतून मागाहून गेली, हें आज उपलब्ध पुराव्यानें सांगतां येत नाहीं. पण भिंत पूर्वीं नव्हती किंवा तिला फट होती, या दोहोंपैकीं एक कबूल केल्याविना गत्यंतर नाहीं. कुलवृत्तांतांच्या संपादकांस हें रुचेल असें वाटत नाहीं.

अशी घातक चूक टिकली कशी? १९५४ सालीं ॲलिसन यांनीं आफ्रिकेंत दाखविलें कीं वाहकास घातक जातीच्या हिंवतापापासून संरक्षण मिळतें. गोंदिया हा तलावांचा व भाताचा प्रदेश. नवेगांवबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं बांधल्याचें सांगतात. कोहळ्यांनीं तलाव बांधले, डांस माजले व सिकलसेल वाढला, अशी सांखळी जुळविण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकासही तो झाला होता. परंतु तीनशें वर्षें म्हणजे पंचवीस वर्षांच्या हिशेबानें अवघ्या बारा पिढ्या, आणि चूक तर तलाव नसलेल्या डोंगराळ मुलखांतही तितकीच रुजलेली. तेव्हां कोहळ्यांच्या माथीं हा दोष मारतां येत नाहीं. जंगलांतील ओढ्यांचा हिंवताप त्यांच्याहून फार जुना आहे. तलावांनीं फार तर त्यास हातभार लावला असेल.

अरबी-भारतीय घराण्यासंबंधीं आणखी एक विधान वारंवार केलें जातें, तें असें कीं या घराण्याचा रोग सौम्य असतो. त्यास आधार आहे. गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन निराळ्या जनुकावरून तयार होतें व त्यांत ही चूक नसते. जन्मानंतर तो जनुक मिटला जातो. आपल्या घराण्यांत त्या जनुकाच्या समासांत एक लहानसा पाठभेद आहे, त्यामुळें तो पुरता मिटत नाहीं आणि गर्भींचें हिमोग्लोबिन मोठेपणींही बरेंच राहतें. तथापि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील मुलांच्या पाहणींत, हें हिमोग्लोबिन पुरेसें असतांही, वेदनेचे तीव्र झटके व वारंवार रक्त देण्याची पाळी पुष्कळांस आलेली दिसली. ओरिसा व अरबस्तान यांवरून विदर्भाचें अनुमान काढणें म्हणजे एका मठाच्या पोथीवरून सगळ्या शाखेचा पाठ ठरविणें होय. येथें तर त्यावर मुलांचे उपचार अवलंबून असतात.

या रोगांत जखम भरत नाहीं, हें गांवोगांवच्या लोकांना शास्त्राआधींच ठाऊक असलें पाहिजे. घोट्यावरील व्रण महिनेन् महिने राहतो, मांडीच्या हाडाचा खुबा झिजून मनुष्य लंगडूं लागतो. कारण असें कीं फुटलेल्या पेशींतून सांडलेलें हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतें, आणि शिर सैल पडावी म्हणून तिच्या अस्तराकडून जाणारा निरोप तोच असतो. निरोप वाटेंतच हरवतो, शिर आंवळलेली राहते, अस्तर चिकट होऊन पेशी तेथें अडकतात. दुरुस्तीचें साहित्य घेऊन येणारी वाटच बंद झाली म्हणजे व्रण भरणार कसा?

उपायांतही हा मिटलेला जनुकच कामास आला आहे. हायड्रॉक्सियुरिया हें स्वस्त औषध गर्भींचें हिमोग्लोबिन वाढवितें. जनुक मिटविणारा कारभारी बीसीएल११ए हा असल्याचें २००८ सालीं उघड झालें. रोग्याच्याच मज्जेंतील पेशी बाहेर काढून त्याचा कारभार थांबविण्याच्या उपचारास २०२३ सालीं इंग्लंड व अमेरिका येथें मान्यता मिळाली. अमेरिकेंत त्याची किंमत बावीस लाख डॉलर सांगितली गेली. देवरीच्या शेतमजुरानें त्याचा विचार करावयाचा नाहीं. त्याच वर्षीं १ जुलै रोजीं शहडोल येथें केंद्र सरकारनें सिकलसेल निर्मूलनाची मोहीम आरंभिली, सात कोटी लोकांची तपासणी व २०४७ ही मुदत ठेवून. तपासणीनंतर वाहकास व रोग्यास जीं पत्रकें मिळतात तीं सोयरीक ठरवितांना पाहावींत अशी अपेक्षा असते. अशीं पत्रकें पुढेंमागें कुटुंबांच्या दप्तरांतून संग्राहकांच्या हातीं येतील. जिवंत माणसांचीं नांवें असलेलीं पत्रकें आपल्या यादींत येऊं देऊं नयेत असें आमचें स्पष्ट मत आहे.

शोधावयाचें तें दुसरेंच. घानाचे डॉ. कोनोते-अहुलु यांनीं घराण्याची वंशपरंपरा आणि रोगाचें देशी नांव यांच्या आधारें आपल्या स्वतःच्या कुटुंबांत हा रोग १६७० पर्यंत मागें नेऊन दाखविला. त्यांच्याकडे ध्वनीवरूनच दुखणें ओळखूं यावें असें त्याचें जुनें नांव आहे. आपल्याकडे तसें नांव नसेलच असें कां मानावें? गोंडांच्या वंशावळी परधान गात आले आहेत. कोणत्या घरचीं मुलें अल्पवयांत गेलीं हें त्यांत येत असेल. झाडीबोलींत, पोवारींत, गोंडींत, लहानपणापासून पावसाळ्यांत व थंडींत सांधे धरणाऱ्या, डोळे पिवळे पडणाऱ्या दुखण्याचें कांहीं नांव असल्यास तें अर्थासह व गांवासह टिपून ठेवावें. तसेंच १९५१ पूर्वींच्या मालगुजारी दप्तरांबरोबर कोतवालाचीं टिपणें, किंवा गांवच्या वैद्यांचीं बाडें, आमगांव, सालेकसा, देवरी व अर्जुनी मोरगांव या बाजूस कोणाजवळ असतील, तर त्यांनीं मूळ बाड आपल्यापाशींच ठेवून ताप, कावीळ व सांधेदुखी या प्रकरणांची तेवढी नक्कल मंडळाकडे पाठवावी. नक्कल करतांना अक्षर सुधारूं नये. जसें असेल तसें उतरावें.