यूएसबी-आयपी

यूएसबी-आयपी : एका संगणकाला जोडलेले यूएसबी उपकरण नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाला वापरू देणारी पद्धत. दुसऱ्या संगणकाच्या दृष्टीने ते उपकरण त्याच्याच पोर्टमध्ये लावलेले असते. उपकरणाच्या बाजूला मोठा संगणक लागत नाही. रास्पबेरी पायसारखा तळहातावर मावणारा बोर्ड पुरतो; यूएसबी पोर्ट असलेला आणि ओपनडब्ल्यूआरटी चालवणारा राउटरही चालतो.

यूएसबी २.० ची केबल साधारण ५ मीटरपर्यंतच भरवशाची असते. तारेतला संकेत क्षीण होणे हे याचे एकच कारण नाही. संगणकाने विचारणा केली की उपकरणाचे उत्तर अत्यल्प, ठरलेल्या वेळात परत यावे लागते. उशीर झाला की उत्तर आलेच नाही असे धरले जाते. त्यामुळे तारेवरचे संकेत जसेच्या तसे नेटवर्कवर पाठवून भागत नाही. यूएसबी-आयपी एक पायरी वर काम करते. ड्रायव्हर एखादे काम सांगतो तेव्हा ते ‘यूआरबी’ नावाच्या मागणीच्या रूपात यूएसबी नियंत्रकाकडे जाते. ही मागणीच ४८ बाइटचे शीर्ष लावून टीसीपीवरून बोर्डाकडे पाठवली जाते. बोर्ड ती आपल्या नियंत्रकाकडून पुरी करून घेतो आणि उत्तर परत धाडतो. वेळेचे काटेकोर बंधन बोर्ड आणि उपकरण यांच्यातल्या हातभर तारेपुरतेच उरते. या पद्धतीची सारी हुशारी या एका निवडीत आहे.

तिची मांडणी जपानमधील नारा विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत ताकाहिरो हिरोफुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांचा निबंध २००५ मध्ये युसेनिक्सच्या वार्षिक तांत्रिक परिषदेत सादर झाला. २००८ साली हे काम लिनक्स कर्नलच्या २.६.२८ या आवृत्तीत प्रायोगिक विभागात आले, आणि २०१४ मध्ये ३.१७ या आवृत्तीपासून मुख्य भागात स्थिरावले. ती सहसा टीसीपीचा ३२४० हा पोर्ट वापरते.

प्रत्यक्ष मांडणी सोपी आहे. बोर्डावर ‘यूएसबीआयपी लिस्ट’ ही आज्ञा दिली की जोडलेली उपकरणे दिसतात. प्रत्येकापुढे ‘१-१.२’ असा क्रमांक असतो : पहिली बस, तिचा पहिला पोर्ट, तिथल्या हबचा दुसरा पोर्ट. हा क्रमांक उपकरणाचा नसून जागेचा आहे. स्कॅनर शेजारच्या पोर्टमध्ये लावला की क्रमांक बदलतो आणि कालपर्यंत नीट चाललेली आज्ञा आज निकामी ठरते. म्हणून पोर्टवर चिठ्ठी चिकटवून ठेवावी. ‘बाइंड’ केल्यावर उपकरण बोर्डाच्या नेहमीच्या ड्रायव्हरकडून सुटून यूएसबी-आयपीच्या ताब्यात जाते. वापरणाऱ्या संगणकावर ‘अटॅच’ म्हटले की तिथला आभासी नियंत्रक ‘नवे उपकरण लागले’ अशी वर्दी देतो. बोर्ड बंद करून पुन्हा सुरू केला की बाइंड पुसले जाते. ते आपोआप व्हावे यासाठी सुरुवातीच्या सेवांत त्याची नोंद करावी लागते.

उपकरणाचा ड्रायव्हर बोर्डावर लागतच नाही, हा मोठा लाभ. ज्या जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर फक्त इंटेल जातीच्या संगणकासाठी निघाला, तोही एआरएम बोर्डाला लावून दुसऱ्या खोलीतल्या संगणकावरून चालवता येतो. मात्र एका वेळी एकच संगणक उपकरण धरू शकतो. एकाने सोडल्याखेरीज दुसऱ्याला ते मिळत नाही, त्यामुळे याला वाटप म्हणण्यापेक्षा उसनवारी म्हणणे अचूक. केवळ छपाईच अनेकांना हवी असेल तर कप्स हा छपाई सर्व्हर अधिक योग्य, कारण तो कामांची रांग लावतो.

प्रत्येक मागणीला नेटवर्कची फेरी पडते. सिरियल अडॅप्टर, स्कॅनर, मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड यांना ती सहसा जाणवत नाही. वेबकॅम आणि ध्वनी उपकरणांना मात्र अखंड, वेळेवर प्रवाह लागतो. वायफायवर त्यांचा खोळंबा होतो. संपर्क तुटणे म्हणजे उपकरण उपसून काढणे, म्हणून लिहिणे चालू असलेला पेन ड्राइव्ह अशा रीतीने वापरणे धोक्याचे. बोर्डाची निवडही महत्त्वाची. रास्पबेरी पायच्या तिसऱ्या पिढीपर्यंत तारेचे नेटवर्क आणि यूएसबी पोर्ट एकाच यूएसबी २.० मार्गावर होते. २०१९ च्या पाय ४ मध्ये ते वेगळे झाले. पाय ४ चे चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात, तेव्हा जास्त वीज खाणाऱ्या उपकरणाला स्वतंत्र वीजपुरवठ्याचा हब द्यावा.

सुरक्षितता ही या पद्धतीची खरी उणीव आहे. नेहमीच्या मांडणीत पासवर्ड नाही आणि सांकेतिकीकरणही नाही. ३२४० पोर्टपर्यंत पोचणारा कोणीही बाइंड केलेले उपकरण ओढून घेऊ शकतो. तो पोर्ट इंटरनेटला कधीही उघडा ठेवू नये. बाहेरून वापरायचे असल्यास वायरगार्डसारख्या व्हीपीएनमधूनच वापरावे. सनदी लेखापालांच्या आणि ई-निविदा भरणाऱ्यांच्या कार्यालयांत डीएससीचे (डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचे) टोकन असे नेटवर्कवर ठेवण्याचा मोह होतो, कारण टोकन एक आणि टेबले अनेक. पण त्या टोकनात एका व्यक्तीच्या सहीची खासगी किल्ली असते, आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार ती किल्ली आपल्या ताब्यात राखण्याची काळजी त्या व्यक्तीनेच घ्यायची आहे. स्कॅनर खुशाल नेटवर्कवर ठेवावा; डीएससीचे टोकन ज्याच्या नावाचे, त्याच्याच हाती असू द्यावे.