दिनविशेष, २१ जून : जागतिक संगीत दिन आणि मुंबईचे ‘रॉक मशीन’

फ्रान्सच्या सांस्कृतिक मंत्रालयाने २१ जून १९८२ रोजी सुरू केलेला संगीतोत्सव पुढे जागतिक संगीत दिन म्हणून रूढ झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईत स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ या वाद्यवृंदाने भारतातील रॉक संगीताला, म्हणजे विद्युत गिटार, बेस आणि ड्रम यांच्या ठाशीव लयीवर उभ्या असलेल्या गायनाला, स्वतःच्या रचनांचे बळ दिले; ही कामगिरी गौरवास पात्र आहे. प्रारंभी परदेशी गीते सादर करणाऱ्या या वृंदाने १९८८ मध्ये स्वरचित गीतांचा पहिला अल्बम काढला, १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले, आणि सदस्य येत-जात असतानाच १९९७ मध्ये त्याचे कार्य थांबले. २०१० मध्ये गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर व कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले, तेव्हा बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नवे वादक होते. लयीचा पाया सांभाळणारी ही दोन्ही वाद्ये नव्या हातांत गेल्यावर शैलीही बदलली, आणि २०१२ च्या ‘इव्हॉल्व्ह’ या अल्बममधील दीर्घ, गुंतागुंतीच्या रचनांत तो बदल स्पष्ट ऐकू येतो.