वडाचा दोरा आणि गाळीपट

माझे बालपण हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर गेले. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते आणि हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यात होती. १९५६ साली राज्य पुनर्रचनेत गाव म्हैसूर राज्यात गेले. रस्त्याचे नाव राहिले, तशी आमच्या घरातली मराठीही राहिली.

येवल्याचा मामेभाऊ संक्रांतीला पतंग उडवतो हे ऐकून एका जानेवारीत मीही पतंग घेऊन गच्चीवर गेलो. शेजारचा कानडी मित्र हसला. ‘ईग अल्लो, कारहुण्णिमीगे!’ म्हणजे आत्ता नव्हे, कारहुणवीला. आमच्याकडचा पतंगाचा हंगाम ज्येष्ठातला. घाट ओलांडून येणारा मोसमी वारा तेव्हा जोर धरतो. कानडीत पतंगाला गाळीपट म्हणतात. गाळी म्हणजे वारा. नावातच अर्धे शास्त्र सांगितलेले आहे. उरलेले अर्धे कणी बांधण्यात. तिरका धरलेला कागद वाऱ्याला खाली ढकलतो आणि वारा त्याला वर उचलतो. कणी चुकली, की पतंग गोते खातो.

ज्येष्ठी पौर्णिमा म्हणजे आपली वटपौर्णिमाही. आई वडाला सूत गुंडाळून घरी आली, की उरलेली गुंडी मी मागायचो. ती म्हणायची, ‘घे, पण वडाचा दोरा तोडून आणू नकोस.’ त्याच सुताला शेजारच्या अंगणात खळ आणि काचेची पूड लागायची. बोटे कापली, की मित्राची आई कानडीत रागवायची आणि हळद लावायची. रागावणे कळायला भाषा लागली नाही.

पुढे वाचनात आले, की संत नामदेवांच्या एका पदात पतंग आहे. १६०४ मध्ये संकलित झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात ते पद समाविष्ट आहे. मुलगा सवंगड्यांशी गप्पा मारतो, पण चित्त दोरीवर ठेवतो, असा त्याचा आशय. पतंगाला तिथे गुडी म्हटले आहे. पंजाबीत आजही गुड्डी म्हणतात. कानडीत मात्र गुडी म्हणजे देऊळ!

नायलॉनच्या मांज्याने पाखरांचे पंख आणि माणसांचे गळे कापले जाऊ लागले. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो. नातू मागतो, तेव्हा मी सुती गुंडीच देतो. तो गच्चीवरून ओरडतो, ‘आजोबा, गाळी बंतु!’ मी मराठीत सांगतो, ‘ढील दे.’ आणि तो देतो.